मागच्या चाकांचा ब्रेक

सायकल शिकताना आपल्यापैकी बहुतेकांना एक सल्ला हमखास मिळालेला असतो. "पुढचा ब्रेक दाबू नको रे, तोंडावर आपटशील!" सल्ला देणारा दादा किंवा काका स्वतः कधी आपटलेला असतोच असे नाही, पण सांगतो मात्र अगदी ठासून. गंमत अशी की शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या काही बड्या मोटार कंपन्याही आपल्या गिऱ्हाइकांना हेच सांगत होत्या, आणि तेही वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन. त्याकडे येतोच. आधी हा विषय डोक्यात कसा शिरला ते सांगतो.

२००६ साली मी बोस्टनजवळ एका प्रोजेक्टवर होतो. टीममध्ये एक नागपूरकर मित्र होता. त्याने सेकंडहँड सुबारू इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स घेतली होती. २००२ चे मॉडेल, निळा रंग, दोन लिटरचे टर्बो इंजिन, २२७ हॉर्सपॉवर, चारही चाकांना ताकद. न्यू इंग्लंडच्या बर्फात ही गाडी म्हणजे राजा. तर या महाशयांना मागच्या चाकांच्या डिस्क बदलून मोठ्या बसवायच्या होत्या (तिकडे डिस्कला रोटर म्हणतात, आपण सरळ डिस्क म्हणू). पुढच्या डिस्क चांगल्या जाड, मधून हवा खेळणाऱ्या. मागच्या मात्र लहान, पातळ, भरीव. "एवढी हुशार जपानी माणसं आणि मागे ही थाळी? सरळ सरळ कंजुषी आहे ही!" असे त्याचे म्हणणे.

मला ते पटले नाही. इंजिनियर लोक कंजूष असतात हे खरे, पण ते विनाकारण कंजूष नसतात. म्हणून वाचायला घेतले आणि वाचता वाचता पार घोडागाडीपर्यंत मागे गेलो.

सुरुवातीच्या मोटारींना ब्रेक फक्त मागे असायचे. घोडागाडीचा ब्रेक मागच्या चाकाला घासायचा, तोच वारसा मोटारीकडे आला. फोर्डच्या मॉडेल टी मध्ये पायाखालचा ब्रेक गिअरबॉक्समधल्या पट्ट्यावर चालायचा, म्हणजे शेवटी पकडायचा तो मागच्या चाकांनाच. हाताच्या दांड्याने मागचे ड्रम आवळले जायचे. पुढची चाके मोकळी. कोट्यवधी गाड्या अशाच विकल्या गेल्या, आणि फोर्डने पुढच्या चाकांना ब्रेक दिला तो थेट १९२७ च्या अखेरीस, मॉडेल ए मध्ये.

पुढे ब्रेक न देण्याचे कारण नुसते अडाणीपणाचे नव्हते. पुढची चाके वळतात. त्या काळी ब्रेक ओढायला लोखंडी सळ्या आणि केबल असायच्या. वळणाऱ्या चाकापर्यंत सळीची ओढ न्यायची कशी? बरे नेली, तरी डावी-उजवी ओढ सारखी नसेल तर ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला खेचली जाणार आणि स्टिअरिंग हातातून निसटणार. तेव्हा भीती खोटी नव्हती, उपाय कच्चे होते.

युरोपात काही मंडळींनी हे कोडे आधी सोडवले. इटलीच्या इसोटा फ्रास्किनीने १९१० च्या सुमाराला चारही चाकांना ब्रेक दिले. १९१९ मध्ये हिस्पानो-सुइझाने चारही चाकांना ब्रेक आणि वर यांत्रिक मदतनीस, म्हणजे सर्वो, असलेली गाडी आणली. तो सर्वो इतका सरस होता की खुद्द रोल्स-रॉईसने तो आपल्या गाड्यांसाठी घेतला. त्या हिस्पानोचे नाव होते एच ६. हे नाव लक्षात ठेवा, पुढे सुबारूच्या गोष्टीत पुन्हा भेटेल. (संबंध काही नाही, निव्वळ योगायोग. पण मला असले योगायोग फार आवडतात.)

अमेरिकेत ड्यूसेनबर्गने सळ्या फेकून दिल्या आणि त्या जागी तेलाच्या नळ्या आणल्या. नळीतल्या तेलाचा दाब दोन्हीकडे सारखाच पोचतो, त्यामुळे गाडी खेचली जाण्याचा प्रश्नच बऱ्याच अंशी मिटला. १९२१ मध्ये फ्रान्समधल्या ल मान्सला फ्रेंच ग्रां प्री झाली, त्यात जिमी मर्फीने असे हायड्रॉलिक ब्रेक लावलेली ड्यूसेनबर्ग पळवली आणि शर्यत जिंकली. ल मान्स हे गावही लक्षात ठेवा.

आता ती जाहिरातींची गोष्ट. एडी रिकेनबॅकर हा पहिल्या महायुद्धातला अमेरिकेचा नामांकित वैमानिक. युद्धानंतर त्याने स्वतःच्या नावाची मोटार कंपनी काढली आणि १९२३ मध्ये मध्यम किमतीच्या गाडीला चारही चाकांचे ब्रेक दिले. झाले! प्रतिस्पर्ध्यांच्या कोठारांत मागच्याच ब्रेकच्या गाड्या भरून पडलेल्या. त्यांनी हाकाटी सुरू केली की पुढचे ब्रेक घातक आहेत. स्टुडबेकरने तर पानभर जाहिराती दिल्या. म्हणजे आपला सायकलवाला काकाच, फक्त खिशात जाहिरातीचे बजेट असलेला. थोड्याच वर्षांत सगळ्यांनीच चारही चाकांना ब्रेक दिले ही गोष्ट वेगळी. रिकेनबॅकरची कंपनी मात्र १९२७ मध्ये बंद पडली.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये चारही चाकांना ब्रेक असलेल्या गाडीच्या मागे एक लाल त्रिकोण लावायची पद्धत होती. अर्थ असा: बाबा रे, ही गाडी पटकन थांबते, मागे चिकटून येऊ नकोस. आपल्याकडे ट्रकच्या मागे 'पॉवर ब्रेक, अंतर ठेवा' असे रंगवलेले असते ना, त्याचाच हा साहेबी पूर्वज. ब्रेक चांगला असणे ही फक्त ब्रेक लावणाऱ्याची खाजगी गोष्ट नसते, हे त्या त्रिकोणाला बरोबर कळले होते.

चारही चाकांना ब्रेक आले तरी ते होते ड्रम. ड्रमचा शत्रू म्हणजे उष्णता. थोडा हिशोब करू (शनिवारची सवय!). १४०० किलोची गाडी ताशी १६० किलोमीटरवरून थांबवली तर साधारण १४ लाख ज्यूल ऊर्जा उष्णतेत बदलते. एवढ्यात चार लिटर गार पाणी उकळायला लागेल. आख्ख्या टीमचा चहा, एका ब्रेकमध्ये! आणि शर्यतीत असा ब्रेक दर मिनिटा-दोन मिनिटाला लागतो. ड्रम तापला की प्रसरण पावतो, म्हणजे आतल्या लायनरपासून लांब पळतो. पेडल खोल जाते, लायनरची पकड मऊ पडते. उलट डिस्क उघड्यावर असते, वाऱ्याने निवते, आणि तापून जाड झाली तर पॅडकडेच सरकते.

डिस्कची कल्पना नवी नव्हती. इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरने तिचे पेटंट १९०२ मध्येच घेतले होते. पण तेव्हा ना धड पॅडचे साहित्य होते ना तेलाचा दाब, त्यामुळे आवाज फार आणि उपयोग कमी. डिस्कला खरे दिवस आले ते विमानांमुळे. जड विमान छोट्या चाकांवर उतरवून थांबवायचे म्हणजे उष्णतेचा प्रश्न अटळच. विमानांसाठी डिस्क ब्रेक बनवणाऱ्या डनलॉपने जॅग्वारबरोबर ते मोटारीत आणायचे काम हाती घेतले. नॉर्मन ड्यूईस हा जॅग्वारचा टेस्ट ड्रायव्हर त्या चाचण्यांत हजारो मैल पळाला. तेल उकळणे, पॅड मागे ढकलले जाणे, पेडल अचानक जमिनीला टेकणे, सगळे भोग त्याने भोगले. (टेस्टिंगवाल्यांना हे वाचून बरे वाटेल.)

१९५३ च्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वार सी-टाईपच्या चारही चाकांना डिस्क होत्या. मुलसानच्या सहा किलोमीटरच्या सरळ रस्त्याच्या टोकाला बाकीचे ब्रेकवर पाय ठेवायचे, तेव्हा जॅग्वारवाले अजून ॲक्सिलरेटरवर असायचे. टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन जिंकले, आणि तिथल्या इतिहासात पहिल्यांदाच सरासरी वेग ताशी शंभर मैलांच्या वर गेला. जास्त ताकदीच्या फेरारी होत्या बरे का त्या वर्षी. पण थांबता येते म्हणून जास्त वेळ पळता येते, हे गणित सगळ्यांच्या डोक्यात शिरले.

दोनच वर्षांनी त्याच ठिकाणी जे घडले ते मात्र अंगावर काटा आणणारे आहे. ११ जून १९५५, संध्याकाळचे सव्वासहा वाजून गेलेले. माइक हॉथॉर्नने डी-टाईप जॅग्वारने पुढे जात लान्स मॅकलिनच्या ऑस्टिन-हीलीला ओलांडले आणि पिटमध्ये शिरण्यासाठी ब्रेक लावला. मॅकलिनने त्याला चुकवायला गाडी डावीकडे घेतली. मागून ताशी दोनशे चाळीसच्या आसपास वेगाने पिएर लव्हेगची मर्सिडीज येत होती. ती हीलीच्या मागच्या भागावर चढली आणि उडून प्रेक्षकांच्या बाजूच्या बांधावर आदळली. लव्हेग आणि ऐंशीहून अधिक प्रेक्षक गेले. मोटार शर्यतींच्या इतिहासातला हा सर्वांत भीषण अपघात.

आता ब्रेकच्या बाजूने बघा. जॅग्वारला डिस्क होत्या, हीलीलाही होत्या. मर्सिडीजला मोठे ड्रम आणि त्यांच्या मदतीला पाठीवर उघडणारी एक पत्र्याची झडप होती, हवेचा अडथळा करून वेग कमी करण्यासाठी. एकाच रस्त्यावर वेगवेगळ्या अंतरात थांबणाऱ्या गाड्या. चौकशीत कुठल्याही ड्रायव्हरवर ठपका ठेवला गेला नाही. अरुंद रस्ता, पिटला वेगळी गल्ली नाही, प्रेक्षक अगदी कडेला, ही खरी कारणे, आणि तो रस्ता पुढच्या वर्षी बराच बदललाही. सगळे ब्रेकच्या माथी मारणे चूक ठरेल. पण तो लाल त्रिकोण मला इथे पुन्हा पुन्हा आठवतो.

असो. शर्यतीतून डिस्क रस्त्यावर आली. १९५५ ची सिट्रोएन डीएस, १९५६ ची ट्रायम्फ टीआर ३. पण नीट बघा: दोन्हींत डिस्क फक्त पुढे, मागे ड्रमच! तीस-पस्तीस वर्षांपूर्वी पुढच्या ब्रेकला घाबरणारे जग आता मागच्याला दुय्यम ठरवून मोकळे झाले. हे असे का, याचे उत्तर एसटीत उभ्याने प्रवास केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला की आख्खी गर्दी पुढे जाते. गाडीचेही तसेच, वजन पुढच्या चाकांवर कलंडते.

समजा गाडी १४०० किलोची आहे, दोन ॲक्सलमधले अंतर अडीच मीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर वर. उभी असताना पुढे ८१२ किलो आणि मागे ५८८ (म्हणजे ५८-४२). कोरड्या रस्त्यावर अगदी जोरात, गुरुत्वाकर्षणाएवढ्या मंदनाने ब्रेक लावला तर २८० किलो मागून पुढे सरकतात. मागे उरले फक्त ३०८, म्हणजे २२ टक्के. चाकाची पकड त्यावरच्या वजनावर अवलंबून, म्हणजे त्या क्षणी मागच्या चाकांनी एकूण ब्रेकच्या २२ टक्क्यांच्या वर काम करायला गेले की ती घसरणार. आता पावसात तोच हिशोब. रस्ता निसरडा, मंदन जेमतेम चार दशांश. सरकणारे वजन ११२ किलो. मागे ४७६, म्हणजे ३४ टक्के. गंमत बघा, पावसात मागच्या चाकांना जास्त काम देता येते आणि कोरड्यात कमी. आणि तुम्ही आणखी चिकट, भारी टायर लावलेत तर मागच्यांचा योग्य वाटा अजूनच घटतो.

मग मागची चाके घसरली तर बिघडले कुठे? इथेच तर सगळी मेख आहे. अडकलेल्या चाकाला दिशा नसते, ते कुठल्याही बाजूला तितक्याच आनंदाने घसरते. पुढची चाके अडकली तर गाडी वळत नाही, नाकासमोर सरळ जाते. वाईटच, पण निदान काय होणार ते कळते, आणि पाय उचलला की स्टिअरिंग परत येते. मागची आधी अडकली तर मागचा भाग पुढच्याला ओलांडायला निघतो. सेकंदभरात गाडी उलटे तोंड करून उभी, नाहीतर आडवी समोरच्या लेनमध्ये. साध्या माणसाला ती सावरता येत नाही. बाणाची पिसे मागे का असतात तेच हे. ती ओढत नाहीत, बाण सरळ ठेवतात. मागच्या चाकांचे ब्रेक लावतानाचे पहिले काम हेच, आणि थांबवणे हे दुसरे.

म्हणून इंजिनियर लोक मागच्या ब्रेकच्या नळीत एक व्हॉल्व्ह घालू लागले, दाब एका मर्यादेपुढे गेला की मागचा वाटा कमी करणारा. १९७० च्या दशकात युरोपच्या नियमांनीही गाडीच्या ब्रेकची वाटणी अशीच मागितली की पुढची चाके मागच्यांच्या आधी अडकावीत.

याची किंमत कोर्टातही मोजून झाली आहे. १९८० च्या मॉडेलपासून जनरल मोटर्सने एक्स-कार नावाचा नवा संच आणला, शेव्हरोले सिटेशन हे त्यातले नावाजलेले मॉडेल. इंजिन आणि ताकद पुढे, मागचा भाग हलका. मागची चाके लवकर अडकतात आणि गाडी फिरते अशा तक्रारी आल्या, अपघात झाले, माणसे गेल्याचेही आरोप झाले. कंपनीने काही गाड्या परत बोलावून मागचे ब्रेक सौम्य केले. १९८३ मध्ये अमेरिकन सरकारने थेट खटला भरला आणि अकरा लाख गाड्या परत बोलवा अशी मागणी केली. १९८७ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला, सरकारला दोष सिद्ध करता आला नाही. निकाल काही असो, पण मागच्या लायनरचा प्रकार आणि एका व्हॉल्व्हचे प्रमाण एवढ्याशा गोष्टीवर सरकार आणि जगातली सर्वांत मोठी मोटार कंपनी चार वर्षे भांडत होती, हे मला तरी विसरता येत नाही. आमच्या कोडमध्ये एखादा स्थिरांक बदलायला आम्ही किती सहज तयार होतो!

आता चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांकडे वळू, कारण तिथे हिशोब पुन्हा बदलतो. ट्रॅक्टरवाले हॅरी फर्ग्युसन यांना उतारवयात एकच ध्यास होता, चारचाकी ताकद साध्या मोटारीत आणायची. त्यांच्या कंपनीच्या पी ९९ या गाडीने स्टर्लिंग मॉसच्या हातून १९६१ ची ओल्टन पार्कची गोल्ड कप शर्यत जिंकली. त्याच तंत्रावर १९६६ मध्ये जेन्सन एफएफ आली. चारचाकी ताकद आणि सोबत चाक अडकू न देणारा डनलॉपचा मॅक्सारेट ब्रेक. हा मॅक्सारेटही विमानातलाच. प्रत्येक चाकाला वेगळा सेन्सर वगैरे काही नाही, एकच यंत्र, मधल्या गिअरच्या पेटीतून फिरणारे. पुढचे आणि मागचे ॲक्सल एकमेकांना बांधलेले असल्यामुळे तेवढे पुरायचे. फक्त ३२० गाड्या बनल्या आणि १९७१ ला खेळ संपला. काळाच्या पुढे असण्याची शिक्षा.

'बांधलेले' हा शब्द महत्त्वाचा आहे. १९८० मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ऑडी क्वात्रो आली. तिच्यात मधला डिफरन्शियल लॉक करता यायचा, मागचाही. लॉक केला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरणार. मग मागची चाके एकटी अडकूच शकत नाहीत, पुढची त्यांना फिरवत ठेवतात. म्हणजे वाटणीची चूक शाफ्टच परस्पर दुरुस्त करतो. पण त्याची दुसरी बाजू अशी की पुढे क्वात्रोला एबीएस आले आणि पंचाईत झाली. एबीएस चाकांच्या वेगांतला फरक बघून ठरवते की कोण घसरतेय. सगळी चाके जबरदस्तीने एकाच वेगाने फिरत असतील तर फरक दिसणार कसा? त्यामुळे डिफरन्शियल लॉक केला की एबीएस बंद व्हायचे. दोन्ही उत्तम गोष्टी, पण एका वेळी एकच. हे वाचून मला आमच्या दोन लायब्ररी आठवल्या, ज्या एकाच प्रोजेक्टमध्ये कधीच सुखाने नांदल्या नाहीत.

रॅलीवाल्यांची अडचण याच्या बरोब्बर उलटी. त्यांना घट्ट वळणावर हँडब्रेक ओढून मागची चाके मुद्दाम अडकवायची असतात, आणि बांधलेला शाफ्ट ते करू देत नाही. म्हणून मित्सुबिशीने २००१ च्या लान्सर इव्हो ७ मध्ये मधल्या डिफरन्शियलला इलेक्ट्रॉनिक क्लच दिला, तो हँडब्रेक ओढताच सुटतो. निसान स्कायलाईन जीटी-आरने १९९० ते १९९३ जपानच्या टूरिंग कार स्पर्धेत २९ पैकी २९ शर्यती जिंकल्या, तरी तिच्या मूळ ब्रेकबद्दल कुरबुर होतीच. १९९३ च्या व्ही-स्पेकमध्ये ब्रेम्बोचे मोठे ब्रेक आणि १७ इंची चाके आली. (ब्रेम्बो म्हणजे इटलीची ती मोठी ब्रेकवाली कंपनी. पुणेकरांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही, चाकणला तिचा कारखाना आहे आणि ड्यूकवर जे 'बायब्रे' लिहिलेले असते ते तिचेच भावंड.)

तर आता आमचा नागपूरकर. त्याच्या निळ्या इम्प्रेझासाठी अमेरिकेतल्या सुबारूवेड्यांमध्ये एक जुगाड फार लोकप्रिय होता. सुबारूच्याच आउटबॅक या मोठ्या कौटुंबिक गाडीचे सहा सिलिंडरचे मॉडेल होते, त्याला एच ६ म्हणत. त्याच्या मागच्या डिस्क डब्ल्यूआरएक्सपेक्षा मोठ्या. डब्ल्यूआरएक्सच्या दहा-साडेदहा इंची, एच ६ च्या साडेअकराच्या जवळ. कॅलिपर तोच ठेवायचा, फक्त त्याचा ब्रॅकेट एच ६ चा लावायचा, म्हणजे कॅलिपर थोडा बाहेर सरकतो आणि मोठी डिस्क आत बसते. घरगुती गाडीचे सुटे भाग, म्हणून खर्चही बेताचा.

एका रविवारी हे आम्ही त्याच्या घरासमोर केले. गाडी स्टँडवर, चाके काढलेली. बोस्टनच्या रस्त्यांवर हिवाळाभर मीठ टाकतात, त्यामुळे जुनी डिस्क गंजून हबला अशी चिकटलेली की हातोड्याला दाद देईना. मग कळले की डिस्कवर दोन आटे पाडलेली भोके दिलेली असतात, त्यात आठ मिलिमीटरचे बोल्ट आळीपाळीने पिळले की डिस्क आपोआप हबवरून उचलली जाते. ज्या कुणी ती भोके ठेवली त्याला सलाम. मागे धूळ अडवणारा पातळ पत्रा असतो, तो मोठ्या डिस्कला घासत होता म्हणून वाकवून कडेने कापला. आणि एक गंमत अशी की या डिस्कच्या पोटात छोटासा ड्रम असतो, हँडब्रेकसाठी. म्हणजे ज्या ड्रमला डिस्कने हाकलले तोच तिच्या पोटात लपून बसलेला. नवी डिस्क घेताना या ड्रमचे आतले माप जुळणे बाहेरच्या मापाइतकेच महत्त्वाचे, नाहीतर हँडब्रेक लागणार नाही किंवा सुटणार नाही.

काम संपल्यावर पॅड बसवायचा विधी. मोकळ्या रस्त्यावर वेगाने जाऊन जोरात ब्रेक, पण पूर्ण थांबायचे नाही, आठ-दहा वेळा, मग न दाबता गार होऊ द्यायचे.

फरक किती पडला? पिस्टन तोच, पॅड तोच, दाब तोच. फक्त पॅड केंद्रापासून थोडा लांब गेला, म्हणून तेवढ्याच दाबात मागचा ब्रेक साधारण दहा टक्क्यांनी वाढतो. आधी मागचा वाटा २५ टक्के होता असे धरले तर तो सत्तावीसच्या जवळ जातो. बस्स, दोनेक टक्के! थांबण्याचे अंतर यामुळे नाट्यमय कमी होत नाही. ते शेवटी टायर ठरवतो. पण ब्रेक दाबल्यावर नाक कमी खाली जाते, गाडी सपाट बसल्यासारखी थांबते, आणि पुढच्या पॅडवरचा ताप थोडा हलका होतो. मित्र खूष होता.

हे दोन टक्के त्या गाडीला चालतात कारण कंपनीने आधीच बरीच राखीव जागा सोडलेली असते. पाच माणसे, रिकामी डिकी, भरलेली डिकी, गुळगुळीत टायर, पाऊस, सगळ्यांसाठी एकच ब्रेक. शिवाय डब्ल्यूआरएक्सच्या मधल्या डिफरन्शियलमध्ये घट्ट द्रवाचे कपलिंग आहे, ते पुढच्या-मागच्या शाफ्टना सैलसर का होईना बांधून ठेवते, आणि वर एबीएस आहेच. तेवढेच दोन टक्के हलक्या मागच्या भागाच्या, नुसत्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, एबीएस नसलेल्या गाडीत टाकले असते तर मी पान्हे उचलायला गेलो नसतो. आणि तो पुढे आणखी मोठ्या पॅडच्या, जास्त पकडीच्या गोष्टी करायला लागला तेव्हा मी त्याला वरचा २२ टक्क्यांचा हिशोब पेपर नॅपकिनवर मांडून दाखवला. नॅपकिन त्याने बरेच दिवस गाडीत ठेवला होता म्हणे.

आता तर बहुतेक गाड्यांत वाटणीचा तो व्हॉल्व्हही राहिलेला नाही. १९९० च्या दशकापासून एबीएसचाच संगणक क्षणोक्षणी मागचा दाब ठरवू लागला. मागे कितीही मोठी थाळी बसवा, चाक घसरायला लागले की सॉफ्टवेअर मुकाट्याने दाब कापणार.

आणि २०२१ मध्ये फोक्सवॅगनने आयडी ४ जीटीएक्स आणली. विजेची, चारही चाकांना ताकद, २९९ हॉर्सपॉवर, म्हणजे माझ्या मित्राच्या टर्बो सुबारूपेक्षा ७२ जास्त. ब्रेक दाबला की बराचसा वेग मोटारीच वीज बनवून गिळतात, त्यामुळे मागच्या ब्रेकला फारसे काम उरत नाही आणि उघडी डिस्क नुसती गंजत बसली असती. म्हणून या गाडीला पुढे डिस्क आहेत, आणि मागे बंद, धूळ-पाणी न शिरणारे, चक्क ड्रम.